शेजारच्या व्हाइसवरचा जोडीदार

जोडारी (फिटर) व्यवसायाला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात काणस येते. व्हाइसमध्ये घट्ट पकडलेल्या लोखंडी तुकड्याची एक बाजू सपाट करायची, एवढेच काम त्याला दिलेले असते. ऐकायला हे फार साधे वाटते. परंतु नवशिका हात काणस पुढे ढकलतो तेव्हा ती सुरुवातीला मुठीकडे आणि शेवटी टोकाकडे झुकते, त्यामुळे तुकड्याच्या दोन्ही कडा झडतात आणि मधला भाग फुगीर राहतो. काटकोनाचे पाते त्यावर टेकवून उजेडाकडे धरले की कडांशी प्रकाशाच्या दोन फटी स्पष्ट दिसतात. सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी उजव्या हाताचा जास्त, हा नियम फळ्यावर लिहून सांगता येतो, आणि मुले तो वहीत उतरवूनही घेतात. तरीही फटी राहतातच, कारण काणस चालवणाऱ्याचे डोळे जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, खिळलेले असतात आणि दोष असतो त्याच्या कोपरात, खांद्यात, पायांच्या ठेवणीत. ते त्याला स्वतःला दिसत नाही. ते दिसते शेजारच्या व्हाइसवर उभ्या असलेल्या मुलाला.

मुंबईतल्या एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी जोडारीची निदेशिका आहे. एका तुकडीत वीस प्रशिक्षणार्थी असतात आणि त्यांच्यावर एक निदेशक असतो. तासाभरात मी प्रत्येकाजवळ सारखा वेळ उभी राहायचे ठरवले, तर एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात, आणि उरलेली सत्तावन्न मिनिटे तो एकटा असतो. शिक्षणपद्धतींवरची चर्चा कितीही मोठी असली तरी माझ्या विभागातला खरा प्रश्न या सत्तावन्न मिनिटांचा आहे. त्या वेळात मुलगा आपली चूक हातात मुरवत राहणार, की कोणीतरी त्याला थांबवून 'तुझा उजवा कोपर बाहेर जातोय' असे सांगणार? कारागिराचे शिक्षण मुख्यतः बरोबरीच्या शिकाऊ सोबत्यांमध्ये घडते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. निदेशकाचे आणि मिस्त्रीचे सर्वांत मोठे काम म्हणजे हे सोबतीचे शिक्षण घडेल अशी जागा, वेळ आणि शिस्त राखणे. ही जागा आपण संस्थेत अर्धवट राखतो आणि कारखान्यात जवळजवळ पूर्णच गमावतो, याची मला फार खंत वाटते.

माझ्या विभागात एक नियम आहे. जोडीदाराने मोजून, आकडा लिहून, खाली सही केल्याशिवाय कोणताही जॉब माझ्या टेबलावर येत नाही. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि साध्या मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप वाचता येते, त्यामुळे करणाऱ्याचे माप आणि तपासणाऱ्याचे माप यांत फरक पडणे हे सुरुवातीला रोजचेच असते. फरक पडला की दोघांनी तो आपसात मिटवायचा, माझ्याकडे यायचे नाही. मग जे बोलणे सुरू होते ते ऐकण्यासारखे असते. एक म्हणतो, 'अरे, आधी तुझा व्हर्नियर शून्यावर बसतो का ते बघ.' दुसरा म्हणतो, 'तू तिरका धरतोयस, जबडे जॉबला पूर्ण टेकू दे.' कोणी कडेवरचा बुरा (घासल्यावर राहिलेली धातूची खरखर) काढलेलाच नसतो, कोणी नुकत्याच घासलेल्या गरम तुकड्याचे माप घेतलेले असते. उपकरणाची शून्य-त्रुटी, पकडण्याची पद्धत, जॉबची स्वच्छता, तापमानाने होणारे प्रसरण हे सगळे पाठ्यक्रमात स्वतंत्र मुद्दे म्हणून आहेत आणि मी ते क्रमाने शिकवतेही. पण दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते, त्या क्षणी हे मुद्दे त्यांना खरोखर हवे असतात.

यात सहीचे महत्त्व मोठे आहे. सही करणारा मुलगा दुसऱ्याच्या कामाला जबाबदार होतो. 'ठीक वाटतंय' असे म्हणणे त्याला परवडत नाही, कारण पुढे मी मोजल्यावर फरक निघाला तर प्रश्न दोघांनाही विचारला जातो. आपल्याच कामाकडे पाहताना मन नकळत सवलत देते; दुसऱ्याचे काम तपासताना तीच नजर कडक होते, आणि काही महिन्यांनी ही कडक नजर स्वतःच्या जॉबकडेही वळते. चांगल्या कारागिराची ओळख मला याच वळणावर पटते.

बरोबरीच्या मुलाने सांगितलेले लवकर का उतरते, याचा विचार माझ्याआधी पुष्कळांनी केला आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात एक पद्धत वापरली. संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे, आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे त्याला ती का कळत नव्हती हेही ताजे आठवत असते, शिक्षक मात्र ती अडचण केव्हाच विसरलेला असतो, असे यामागचे कारण मझूर सांगतात. पुढे २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निव्वळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत विद्यार्थी नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्ययनाच्या वर्गांपेक्षा सुमारे दीडपट आढळली. हे निष्कर्ष महाविद्यालयांचे आहेत आणि ते जसेच्या तसे कर्मशाळेला लावणे मला योग्य वाटत नाही, कारण आमच्याकडे हातच हलवायचे असल्याने 'सक्रिय' नसलेला तास फारसा नसतोच. परंतु हात हलणे आणि डोके हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर काणस घासणारा मुलगाही केवळ आज्ञा पाळत असू शकतो. आपण हे असेच का करतो, हे त्याला कोणाला तरी सांगावे लागते तेव्हाच तो शिकू लागतो.

मुंबईतल्या तुकडीत आणखी एक गोष्ट घडते. माझ्याकडची मुले गोवंडीहून येतात, दिव्याहून येतात, नालासोपाऱ्याहून येतात. कोणाचे घर कोकणात, कोणाचे जौनपूरकडे, कोणाचे सोलापूर जिल्ह्यात. शाळेचे माध्यम मराठी, हिंदी, उर्दू असे निरनिराळे झालेले असते. मी 'टेपर' (निमुळतेपणा) किंवा 'टॉलरन्स' (मापातली चालणारी तफावत) समजावते ते एका भाषेत, पण ते बाकांवर पोहोचते तीन-चार भाषांत, आणि हे पोहोचवण्याचे काम मुलेच एकमेकांसाठी करतात. कर्मशाळा-गणिताच्या तासाला जो मुलगा तोंड उघडत नाही, तोच व्हाइसपाशी आपल्या मित्राला तेच गणित व्यवस्थित सोडवून दाखवताना मी अनेकदा पाहिला आहे. मी तिथे बोलायला गेले की तो पुन्हा गप्प होतो, म्हणून मी दुरूनच पुढे निघून जाते.

सोबतीतून चुकीच्या गोष्टीही शिकल्या जातात, आणि त्या फार वेगाने पसरतात. परतीच्या फेरीत काणस न उचलता तशीच ओढणे, ड्रिलिंग मशीनवर जॉब क्लॅम्प न करता हाताने धरणे, ग्राइंडरवर चष्म्याशिवाय उभे राहणे या सवयी एका मुलाकडून पाच मुलांकडे जायला एक दुपार पुरते. म्हणून सुरक्षेचे नियम मी सोबतीच्या चर्चेवर सोडत नाही. फिरत्या यंत्रापाशी, विजेपाशी आणि उष्णतेपाशी काय करायचे हे मीच सांगते, करून दाखवते, आणि त्यात मतभेदाला जागा ठेवत नाही. वीजतंत्री विभागातले माझे सहकारीही असेच करतात. पुरवठा बंद केला आहे, पाटी लावली आहे आणि टेस्टरने खात्री केली आहे, याशिवाय कोणी हात लावायचा नाही. या मर्यादेच्या आत मात्र जोडीदाराला रोखण्याचा अधिकार प्रत्येकाला असलाच पाहिजे. 'भाई, थांब, चक-की (चक आवळण्याची चावी) अजून चकमध्येच आहे' असे ओरडण्यासाठी कोणत्याही मुलाला निदेशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

गटाने काम करणे म्हणजे आपोआप न्यायाने काम करणे नव्हे, हे मला विशेषतः मुलींच्या बाबतीत नोंदवायचे आहे. जोडारीत मुली अजूनही थोड्या असतात. चार जणांच्या गटात एक मुलगी असली तर काही न ठरवताच काम वाटले जाते. ड्रिलिंग मशीन एकाकडे, हॅक्सॉ दुसऱ्याकडे, काणस तिसऱ्याकडे, आणि जॉब डायरी लिहायचे काम मुलीकडे, कारण 'तिचे अक्षर चांगले आहे.' मुले हे दुष्टपणे करत नाहीत, त्यांना ते सौजन्यच वाटते, आणि पुष्कळदा मुलीलाही ते सोयीचे वाटते. पण सहा महिन्यांनी तिचे अक्षर सुधारलेले असते आणि तिच्या हातांना काणस ओळखत नसते. हाच प्रकार अंगाने किरकोळ मुलाच्या, उशिरा प्रवेश मिळालेल्या मुलाच्या किंवा तोतऱ्या बोलणाऱ्या मुलाच्या वाट्यालाही येतो. म्हणून गटातली कामे मी फिरती ठेवते. आज मोजणारा उद्या कापणारा, परवा आखणी करणारा, आणि हा क्रम मी भिंतीवर लावते. त्यावर मुले कधी नाराज होतात, काम सावकाश होते, तरीही या बाबतीत मी माघार घेत नाही.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी शाळांमध्ये याच प्रश्नावर एक उपाय केला होता. निरनिराळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. अ‍ॅरनसन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला, आणि आपला तुकडा त्यानेच इतरांना शिकवायचा असे ठेवले, त्यामुळे कोणालाही बाजूला सारून गटाचे काम पूर्ण होईना. शालेय वर्गात यासाठी धडा मुद्दाम तोडावा लागतो. कर्मशाळेत हे आयतेच असते, कारण इथली प्रत्येक वस्तू भागांचीच बनलेली आहे, आणि ते भाग एकमेकांत बसले नाहीत तर वस्तूच तयार होत नाही.

याचा सर्वांत चांगला प्रत्यय मला वेगवेगळ्या व्यवसायांच्या मुलांना एकत्र काम दिल्यावर आला. आमच्या संस्थांमध्ये जोडारी, कातारी (टर्नर), यंत्र कारागीर (मशिनिस्ट), संधाता (वेल्डर) हे विभाग एकाच आवारात असूनही एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. प्रत्येकाची शेड वेगळी, वेळापत्रक वेगळे, परीक्षा वेगळी. एका वर्षी कातारी विभागाच्या निदेशकांशी बोलून आम्ही एक लहानसे काम ठरवले. त्यांच्या मुलांनी लेथवर पिन बनवायची आणि माझ्या मुलांनी प्लेटमध्ये भोक पाडून, रीमरने साफ करून ती पिन त्यात बसवायची. ड्रॉइंगमध्ये माप होते २० मिलिमीटर, फिट एच७ आणि एफ७. याचा अर्थ भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान हवे आणि पिन १९.९५९ ते १९.९८० मिलिमीटरच्या दरम्यान हवी, म्हणजे दोहोंत किमान ०.०२० आणि कमाल ०.०६२ मिलिमीटर मोकळीक राहील. हा तक्ता दोन्ही विभागांच्या मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलेला होता. तरीही पहिल्या दिवशी कातारीची काही मुले अगदी बरोबर वीस मिलिमीटरच्या पिना अभिमानाने घेऊन आली, आणि त्या माझ्या मुलांच्या भोकांत बसेनात.

त्यानंतर दोन शेडच्या मधल्या पॅसेजमध्ये जो वाद झाला त्याने लिमिट आणि फिट हा विषय त्या मुलांच्या मनात कायमचा बसवला. कातारीवाल्यांचे म्हणणे असे की आमची पिन वीसची आहे, भोक लहान आहे. जोडारीवाल्यांनी गो-नोगो प्लग गेज (भोक मर्यादेत आहे की नाही हे तपासणारे साधन) आणून दाखवले की भोक बरोबर आहे. मग मायक्रोमीटर आले, ड्रॉइंग पुन्हा उघडले गेले, आणि एका मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले की ड्रॉइंगमध्ये पिनेचे माप वीस नाहीच, ते वीसपेक्षा कमी आहे. भोक आणि दांडा यांत फिरण्यापुरती, तेल शिरण्यापुरती जागा लागते, आणि ती जागा नेमकी किती हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या, एकमेकांना न पाहिलेल्या माणसांना आधीच ठाऊक असावे लागते. सगळे आधुनिक यंत्रउत्पादन या एका समजुतीवर उभे आहे. मी हे वाक्य अनेक तुकड्यांना सांगितले आहे. त्या मुलांना ते पिनेने सांगितले.

माझे आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. ते कोणत्याही संस्थेत शिकले नव्हते. गावाहून आल्यावर ते आपल्या चुलत्याच्या साच्यांपाशी पगाराशिवाय उभे राहू लागले. धोटा कसा भरायचा, तुटलेला धागा कसा जोडायचा, साचा कधी थांबवायचा हे पाहत आणि हळूहळू करत ते विणकर झाले. मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराकडे सहसा दोन साचे असत, त्यामुळे शेजारच्या माणसाला हात देण्याची गरज दोन्ही बाजूंना असे. रात्री गावकीच्या खोलीत साचा खात्याचे आणि त्रासन (सूतकताई) खात्याचे लोक एकत्र जेवत, तेव्हा दिवसभरातल्या बिघाडांची चर्चा होई, असे आजी सांगत असे. या पद्धतीचे दोषही ठळक होते. ज्याचे गाववाले गिरणीत नाहीत त्याला दार बंद होते, कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी सांभाळावी लागे, आणि बायकांना यात फार मर्यादित जागा होती. म्हणून मी त्या काळाचा गौरव करणार नाही. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा परळ-लालबागच्या वस्तीतली ही शिकण्या-शिकवण्याची सोयही ओसरत गेली, आणि तिच्या जागी जी औपचारिक व्यवस्था उरली तिने प्रवेश खुला केला खरा, पण सोबत पुरवली नाही.

औपचारिक व्यवस्था म्हणजे मुख्यतः १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा. या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली आणि विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलू लागले. २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले, आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. हे सगळे आवश्यक होते आणि यामुळे माझ्या अनेक विद्यार्थ्यांना संधी मिळाली. पण ही सारी भाषा संख्येची आहे. किती जागा, किती टक्के, किती रुपये याची मोजदाद होते. तो मुलगा कारखान्यात कोणाशेजारी उभा असतो, याची नोंद कुठेही होत नाही.

आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. संस्थेत दोन वर्षे ज्यांनी एकमेकांचे जॉब तपासले, ती मुले शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाली की एकेकटी विखुरली जातात. व्यवस्थापनाला ते सोयीचे असते, कारण प्रत्येक विभागाला एक जादा हात हवा असतो. माझ्या एका विद्यार्थ्याला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याने कित्येक महिने पॅकिंगलाच ठेवले. त्याला विद्यावेतन वेळेवर मिळत होते, हजेरी पूर्ण होती, लॉगबुकवर सह्या होत होत्या. तो मला म्हणाला, 'मॅडम, काम कठीण नाही, पण दिवसभर विचारायलाच कोणी नसतं.' मला हे वाक्य कोणत्याही तपासणी अहवालापेक्षा गंभीर वाटते. विचारायला कोणी नसते तेव्हा प्रश्नही हळूहळू पडेनासे होतात.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये उमेदवारीने शिकण्याच्या पद्धतींवर जे मांडले, त्यात अमेरिकेतल्या मांस कापणाऱ्या शिकाऊ कामगारांचे उदाहरण येते. सुपरमार्केटमध्ये त्यांना पॅकिंगच्या यंत्रावर बसवले जाई, आणि ते यंत्र अशा ठिकाणी असे की अनुभवी कारागीर मांस कसे कापतात हे तिथून दिसतच नसे. त्यामुळे मुले पॅकिंगमध्ये तरबेज होत आणि कापण्याचे कसब त्यांना पारखे राही. याच लेखनात लायबेरियातल्या शिंप्यांचे उलट उदाहरण आहे. तिथे उमेदवार आधी कपड्याच्या शेवटच्या पायरीवर, म्हणजे बटणे लावणे, काठ दुमडणे यांवर काम करतो, मग शिवण शिकतो आणि सर्वांत शेवटी बेतणे. पहिल्या दिवसापासून तयार कपडा त्याच्या हातात असतो आणि उस्ताद व जुने उमेदवार त्याच्या नजरेसमोर असतात. मला हे वाचताना दादरच्या गल्ल्यांतली शिंप्यांची दुकाने आठवली, जिथे नवा मुलगा काज-बटणाला बसतो आणि मान वर केली की त्याला मास्तरची कात्री दिसते. काज-बटण आणि पॅकिंग ही दोन्ही कामे सारखीच साधी आहेत. फरक आहे तो मान वर केल्यावर काय दिसते आणि कोण बोलते याचा.

चांगली उदाहरणेही मी पाहिली आहेत, आणि ती नेहमी मोठ्या यंत्रसामग्रीच्या ठिकाणी नव्हती. देखभालीच्या एका वर्कशॉपमधले एक मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणत, आपल्याकडच्या दोन शिकाऊ मुलांना बेअरिंग बदलण्याआधी एक गोष्ट न चुकता करायला लावत. आधी दोघांनी मिळून सांगायचे की बेअरिंग का गेले. आवाज कसा होता, ग्रीसचा रंग काय आहे, झीज एकाच बाजूला आहे की सगळीकडे, शाफ्ट सरळ आहे का. दोघांचे मत वेगळे असले तर मामा निवाडा देत नसत. बेअरिंग उघडून त्यांच्यापुढे ठेवत आणि पुन्हा विचारत. यात त्यांची दहा-पंधरा मिनिटे जात. त्यावर त्यांचे वरिष्ठ कधी कुरकुरत, पण मामांचे म्हणणे असे की कारण न कळता बदललेले बेअरिंग महिन्याभरात परत येते. त्या दोन मुलांपैकी एक आज एका कंपनीत देखभाल विभाग सांभाळतो आणि आपल्या हाताखालच्या मुलांना तेच विचारतो.

जर्मनीत हेच काम व्यवस्थेने उचललेले आहे. तिथल्या दुहेरी पद्धतीत उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, किंवा हे शाळेचे दिवस सलग काही आठवड्यांत घेतले जातात, आणि औद्योगिक यांत्रिकीसारख्या व्यवसायात हा क्रम साडेतीन वर्षे चालतो. तिथे कोणतेही काम माहिती गोळा करणे, योजना आखणे, निर्णय घेणे, प्रत्यक्ष करणे, तपासणे आणि मूल्यमापन करणे अशा सहा टप्प्यांत करायला शिकवतात. या सहांपैकी फक्त 'प्रत्यक्ष करणे' हा टप्पा एकट्या हातांचा आहे, बाकीच्या पाचांत बोलणे आहे. आपल्याकडे उमेदवाराच्या वाट्याला बहुधा तो एकच टप्पा येतो. उरलेले पाच सुपरवायझरच्या डोक्यात राहतात, आणि मग आपण तक्रार करतो की आजकालच्या मुलांना पुढाकार घेता येत नाही.

मुंबईत या गोष्टीला अंतराचीही अडचण आहे. सकाळच्या पाळीसाठी बदलापूरहून निघणारा मुलगा पहाटे घर सोडतो आणि परतताना लोकलमध्ये उभ्याने झोपतो. त्याला सुटीच्या दिवशी आणखी एका बैठकीला बोलावणे हा मला अन्याय वाटतो. म्हणून ही सोबत कामाच्या वेळेतच मिळाली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. आस्थापनांना भेट देताना मी प्रशिक्षण अधिकाऱ्यांना दोनच गोष्टी मागते. एक, शिकाऊ उमेदवार एकेकटे न ठेवता एका विभागात निदान दोघे ठेवा, आणि त्यांची बदली करायची झाली तर जोडीने करा. दुसरी, आठवड्यातून एकदा पाळी संपण्यापूर्वीचा अर्धा तास सगळ्या शिकाऊ उमेदवारांना एकत्र बसू द्या, त्या वेळी प्रत्येकाने आठवड्यातला एक बिघाड किंवा एक चुकलेला जॉब इतरांपुढे मांडावा, आणि मिस्त्रींपैकी एकाने तिथे फक्त ऐकायला बसावे. बहुतेक ठिकाणी पहिली मागणी कशीबशी मान्य होते. दुसरीवर उत्तर येते की अर्धा तास उत्पादनातून जाईल.

परीक्षेचीही यात एक भूमिका आहे. व्यवसाय परीक्षेत मुलगा एकटा उभा असतो आणि त्याच्या एकट्याच्या जॉबला गुण मिळतात, आणि तसेच असले पाहिजे, कारण प्रमाणपत्र त्या एका व्यक्तीच्या कौशल्याची हमी देते. पण केवळ अंतिम जॉबला गुण दिले की तपासण्याचे, समजावण्याचे, दुसऱ्याला थांबवण्याचे कौशल्य गुणपत्रिकेतून नाहीसे होते, आणि जे गुणपत्रिकेत नाही त्याला मुले लवकरच वेळ देईनाशी होतात. अंतर्गत मूल्यमापनात मला जितकी मोकळीक आहे तितकी मी वापरते. जोडीदाराच्या जॉबमधला दोष अचूक शोधून त्याचे कारण लिहिणाऱ्या मुलाला त्याचे स्वतंत्र गुण देते. हे गुण मिळवण्यासाठी काही मुले एकमेकांचे दोष मुद्दाम वाढवून लिहितील, अशी शंका एका सहकाऱ्याने घेतली होती, आणि ती रास्त होती. म्हणून दोषाबरोबर तो दुरुस्त करण्याचा मार्गही लिहावा लागतो, आणि ज्याचा जॉब आहे त्याने तो मार्ग वापरून पाहिल्यानंतरच गुण दिले जातात.

कायद्याप्रमाणे उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे आस्थापनेवर बंधनकारक आहे, आणि लॉगबुक त्यासाठीच असते. त्यात तारीख, केलेले काम, लागलेला वेळ आणि सही एवढेच रकाने मी बहुतेक ठिकाणी पाहिले आहेत. या वर्षी उमेदवारीला गेलेल्या मुलांना मी पानाच्या उजव्या बाजूला आणखी एक रकाना हाताने आखून घ्यायला सांगितले, 'कोणाबरोबर केले, त्याने काय दाखवले, मी काय दाखवले.' काही सुपरवायझरांनी तो रकाना कशासाठी म्हणून विचारले, एकाने तो खोडायला लावला. रेल्वेच्या डब्यांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराच्या शेडमधून मात्र तिथल्या प्रभारींचा फोन आला. रकान्यातल्या नोंदी वाचून त्यांना कळले होते की ब्रेक रिगिंगच्या (ब्रेकचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) पिना पुन्हा पुन्हा झिजण्याचे कारण दोन शिकाऊ मुलांनी आपसात शोधले होते आणि ते वर कोणालाच सांगितलेले नव्हते, कारण सांगायचे कोणाला हे त्यांना माहीत नव्हते. पुढच्या तिमाहीत त्या दोघांना एकाच पाळीत ठेवायचे त्यांनी कबूल केले आहे, आणि शनिवारचा अर्धा तासही देऊ केला आहे. अट एवढीच की मुलांनी दर वेळी एका बिघाडाचा लेखी अहवाल द्यायचा आणि त्यावर दोघांच्याही सह्या असायच्या.